वन्सं, रिपोर्ट आला

वन्सं, रिपोर्ट आला. काय आलं ते सांगते, पण पहिल्यापासून सांगते. मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करते ही तुमची जुनी तक्रार. कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म घालवलात, त्यामुळे कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय काम आहे, या क्रमाने बोलणं झालं नाही तर तुम्ही अर्ध्यातच हात वर करायचात. "थांब गो नीता, आधी माणूस कोण ते सांग." आज क्रमाने सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. ते मला एकदा माझ्यासाठी बोलायचंय. उरलेलं तुम्ही गेल्यानंतरचं आहे.

सुरुवात माझ्या खोकल्यापासून झाली. शाळेत मुलांचा ताप सगळीकडे फिरत होता, तसा मलाही आला आणि गेला, पण खोकला राहिला. खडूच्या धुळीने होतं म्हणून मी दुर्लक्ष केलं. तुम्ही आधी काढा केलात, मग हळद-दूध, आणि मग एके दिवशी मला न विचारता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लावून आलात. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे बघून त्यांनी सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली.

स्कॅनचा रिपोर्ट आपण रिक्षात बसूनच उघडला. खरं तर तुम्ही उघडलात. मी म्हणत होते, घरी जाऊन बघू. तुम्ही चष्मा लावून तुमच्या त्या ऑपरेटरच्या इंग्रजीत शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचलात. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ, कडा ओबडधोबड, 'सस्पिशस', पुढील तपासणी आवश्यक. रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. तुम्ही कागदाची घडी घातलीत, तो पाकिटात ठेवलात आणि त्याला म्हणालात, "पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्या."

छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. घाबरू नका, पण वेळही घालवू नका, असं काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली. तुम्ही पर्स मांडीवर सरळ ठेवून विचारलंत, "नेमकं काय असू शकतं? नावं घेऊन सांगा." त्यांनी नावं घेतली. कॅन्सर असू शकतो. टीबी असू शकतो. एखादा जुना, भरलेला व्रणही असू शकतो. स्कॅन बघून पहिली शंका घ्यावीच लागते, बाहेरून सुई घालून तुकडा काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तुम्ही त्यांचे आभार मानलेत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "आता निदान आपल्याला कळलं की आपण कशाकशाची वाट बघतोय."

ते दिवस विचित्रच होते. मी शाळेत जात होते, परीक्षेचे पेपर तपासत होते, आणि मध्येच जिन्यात थांबून खोल श्वास घेऊन बघत होते, कुठे काही टोचतंय का. काहीच टोचत नव्हतं. घरी तुम्ही एकदम शहाण्यासारख्या वागायला लागलात. पंख्यावरून आपलं रोजचं ठरलेलं भांडण होतं. मला पाचवर लागतो, तुम्हाला दोनवर. तुम्ही स्वतःहून तो पाचवर करून ठेवायला लागलात आणि अंगावर चादर घेऊन बसायला लागलात. मी देशावरची, मला माशांचं कालवण तुमच्यासारखं जमत नाही, हे गेली पंचवीस वर्षं ऐकतेय. त्या आठवड्यात मी सुरमई पार बिघडवली आणि तुम्ही म्हणालात, छान झालंय. रिपोर्टची भीती मला तोवर नीट वाटली नव्हती, ती त्या 'छान झालंय'ने वाटली. शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, जरा भांडा हो माझ्याशी." तुम्ही हसलात, उठलात आणि पंखा दोनवर केलात.

भांडायला विषयही होताच. तन्वीला सांगायचं की नाही.

माझं म्हणणं, नको. तिची पवईतली नोकरी नवी, लग्नाला वर्ष झालेलं, सासरच्या घरात आत्ता कुठे रुळते आहे. नक्की काही कळल्याशिवाय पोरीला कशाला घोर लावायचा? तिच्या बाबांच्या, श्रीकांतच्या आजारपणात तिने कॉलेज आणि हॉस्पिटल दोन्ही केलं होतं. तेव्हाचा तिचा चेहरा मला परत बघायचा नव्हता. तुमचं म्हणणं, आजच सांग. मी तुम्हाला शपथ घातली की तुम्ही तिला काही बोलणार नाही. शपथा तुम्हाला आवडत नाहीत, तरी घेतलीत. मग म्हणालात, "मी नाही सांगणार. पण मी गप्प बसणारही नाही."

त्या संध्याकाळी बागेत तुम्ही मला तुमच्या लहानपणची ती गोष्ट सांगितलीत. लग्न होऊन मी या घरात आले, श्रीकांत गेला, आपण दोघीच राहायला लागलो, एवढ्या सगळ्या काळात ती तुम्ही कधी काढली नव्हती. तुम्ही तिसरीत होता. लालबागच्या खोलीतून तुम्हाला एके दिवशी अचानक मालवणला मामाकडे पाठवलं. शाळा चालू असताना. दप्तरही बरोबर दिलं नाही. कोणी कारण सांगितलं नाही. आदल्याच दिवशी तुमच्या हातून दुधाचं भांडं सांडलं होतं, तेव्हा त्याचीच ही शिक्षा असं तुम्ही ठरवून टाकलंत. मामीच्या घरी वर्षभर तुम्ही कधी दुधाच्या भांड्याला हात लावला नाही. परत आलात तेव्हा वडील निम्मे झाले होते आणि गिरणीत परत जायला लागले होते. श्रीकांतचा जन्म त्यानंतरचा. वडिलांना टीबी झाला होता, हे तुम्हाला कळलं ते वडील वारल्यावर, सांत्वनाला आलेल्या शेजारणीच्या तोंडून. चाळीत तो शब्द कोणी घराबाहेर काढत नव्हतं. आजाराइतकीच त्या शब्दाचीही भीती होती.

तुम्ही हे सगळं शेंगदाणे खात खात सांगितलंत. आवाजही बदलला नाही. मग म्हणालात, "आजार मला सोसला असता गो. आपण काय केलं ते कळत नाही, ते नाही सोसत."

"तन्वी तिसरीत नाहीये," मी म्हटलं.

"म्हणूनच सांग," तुम्ही म्हणालात.

मी नाही सांगितलं.

सुई टाकायच्या दिवशी तुम्ही तुमची ती जांभळी साडी नेसून आलात, ऑफिसच्या निरोप समारंभाची. हॉस्पिटलला कशाला एवढी चांगली साडी, तर म्हणे, चांगली साडी बघितली की लोक नीट उत्तरं देतात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे, नवरा, मुलगा? तुम्ही म्हणालात, "मी आहे." तिने सहीसाठी कागद पुढे केला. नात्याच्या चौकोनात तुम्ही इंग्रजीत 'सिस्टर' लिहिलंत आणि सही केलीत. मी शेजारूनच बघत होते. घरी आल्यावर विचारलं, 'इन-लॉ' कुठे गेलं? तुम्ही म्हणालात, जागा कमी होती.

वन्सं, तो चौकोन चांगला ऐसपैस होता.

आत त्यांनी मला पालथं झोपवलं, श्वास धरायला सांगितला, सोडायला सांगितला, परत धरायला सांगितला. दुखलं फारसं नाही, दाबल्यासारखं वाटलं. मग फुप्फुसातून हवा सुटत नाही ना, हे बघायला संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलं. तुम्ही माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होता. शेजारच्या बाईची सून कुठली, तिला कितवा महिना, हे सगळं मला झोप लागली तेवढ्यात तुम्ही काढून घेतलंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर लागेल, थोडं जास्तही लागू शकतं. तुकडा दोन-तीन प्रकारे तपासायचा आहे.

त्या आठवड्यातल्या रविवारी तन्वी आली. मला वाटलं, सहज आली. तुम्ही बांगड्याचं तिखलं केलंत, सोलकढी केलीत, तिला उकडीचा भात आवडतो म्हणून तो शिजवलात. जेवताना ती तिच्या ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करत होती आणि तुम्हाला ठसका लागेपर्यंत हसू येत होतं. मी पण हसले. किती दिवसांनी हसले असेन. मध्येच तुम्ही ताटावरून माझ्याकडे बघायचात, डोळ्यांनी विचारायचात, आता? मी मान हलवून नाही म्हणायचे. असं तीन-चार वेळा झालं. तन्वीला काही कळलं नाही. ती जाताना तुम्ही तिला खालपर्यंत सोडायला गेलात, लिफ्ट असताना जिन्याने.

ती गेल्यावर आपलं झालंच.

"रिपोर्ट वाईट आला," तुम्ही म्हणालात, "तर त्या दिवशी तुला शब्द सापडणार नाहीत. आज सापडले असते."

"आणि चांगला आला तर? उगाच तिच्या डोक्याला ताप."

"चांगला आला तरी तिला एवढंच कळेल, की आपली आई एवढे दिवस एकटी घाबरत होती आणि आपण तिच्यासमोर नकला करत होतो."

"एकटी कुठे? तुम्ही होतात की."

यावर तुम्ही काहीतरी बोलणार होता. मग हात झटकलात आणि म्हणालात, "गप रव आता. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी माझी शाळेत मीटिंग निघाली, तुम्ही दुपारभर बँकेत होता, संध्याकाळी दोघीही दमलो होतो. ते बोलणं तिथेच राहिलं. त्यावर तुम्ही काय म्हणणार होता, हे मला अजून सुचत नाहीये. तुमच्या बाजूने विचार करून बघते, पण तुमच्यासारखं उत्तर तयार होत नाही.

मंगळवारी मी घरीच होते. तुम्ही हॉलमध्ये बसून मेथी निवडलीत. खांदा भरून आलाय म्हणालात. हॉस्पिटलच्या त्या स्टुलावर दिवसभर बसल्यामुळे असेल, असं दोघींनाही वाटलं. मी मलम दिलं, तुम्ही लावलंत. डॉक्टरांकडे जाऊ या का विचारलं तर म्हणालात, "तुझ्या एका डॉक्टरला पुरून उरलेय मी, आता माझा दुसरा नको." मग जरा पडते म्हणून आत गेलात. मी मेथीची भाजी फोडणीला टाकली, भाकऱ्या केल्या आणि तुम्हाला जेवायला हाक मारली. दोनदा मारली.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर लगेच आले. हृदय, ते म्हणाले. झोपेतच. तुम्हाला काही कळलंही नसेल, असंही म्हणाले. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात का, मला माहीत नाही, पण मी ते धरून ठेवलंय. एवढे दिवस घरातल्या दोन बायकांचं लक्ष एकाच छातीकडे होतं. मी रोज श्वास मोजून बघत होते, तुम्ही माझ्या खोकल्याकडे कान लावून बसत होता. आणि दुसरीकडे हे चाललं होतं. याचा मला राग येतो, पण तो कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून नुसताच येतो आणि जातो.

तन्वी ऑफिसातून तशीच आली. अग्नी तिने दिला. सोसायटीतल्या एक-दोघांनी चुळबुळ केली, पण तिने कोणाकडे बघितलंच नाही. आत्याचं सगळं मी करणार, एवढंच म्हणाली आणि केलं.

अस्थी सोडून आलो त्या दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला की रिपोर्ट तयार आहे, कधीही येऊन न्या. तन्वी तुमच्या कपाटापुढे बसून साड्या बाहेर काढत होती. जांभळी साडी तिच्या मांडीवर होती. मी पलंगावर बसले आणि सांगितलं. मधून नाही, पहिल्यापासून. खोकला, एक्स-रे, स्कॅन, सुई. शब्द सापडले. तुम्ही म्हणाला होतात तसे सोपे नव्हते, पण सापडले. जे सगळ्यात वाईट व्हायचं ते घरात होऊन गेलं होतं, त्यामुळे मी आता काय सांभाळत होते, हेच मला कळेना.

ती बराच वेळ साडीची किनार सारखी करत बसली. मग विचारलं, "आत्याला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तरीच." तिने साडी बाजूला ठेवली. "आत्याने मला फोन केला होता, रविवारी ये म्हणून. आईला बांगडे खावेसे वाटतायत म्हणाली. मला हसूच आलं. तू आणि बांगडे! मला वाटलं तिलाच काहीतरी होतंय. मी विचारलं पण, तू बरी आहेस ना? तर म्हणाली, मला काय धाड भरलीय, तू ये."

म्हणजे तुम्ही शपथ मोडली नाहीत आणि गप्पही बसला नाहीत. आणि तुम्ही तिला बोलावलंत माझ्यासाठी, पण त्या रविवारमुळे तिला तुम्ही भेटलात. खालच्या फाटकाशी तुम्ही तिचा गाल ओढलात आणि म्हणालात, बारीक झालीस, हे ती मला आता दोनदा तरी सांगून झाली आहे. सांगते आणि त्याच गालाला हात लावते.

तिला राग आला का? आला. माझ्यावर आला. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, चल, आवर, रिपोर्ट आणायला जाऊ.

आता रिपोर्ट. कॅन्सर नाही, वन्सं. टीबी आहे.

डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं आणि मी त्यांना हात जोडून थँक्यू म्हटलं. तन्वी तिथेच खुर्चीत रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, या खोलीत हा शब्द ऐकून लोक कधी हादरतात, कधी पेढे आणायला निघतात. मला एकदम तुमच्या वडिलांची आठवण झाली. ज्या शब्दापायी तुम्हाला दप्तराशिवाय कोकणात धाडलं, तो माझ्यापुढे टेबलावर छापून आला होता, आणि मी तो देवाचा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला. घरी येताना खालच्या काकूंनी विचारलं तर मी सरळ सांगितलं, टीबी झालाय, गोळ्या आहेत, बरी होईन. काकू जरा मागे सरकल्या. सरकू देत.

सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी रंगाची झाली आणि मी घाबरून तन्वीला फोन केला; तो गोळीचाच रंग असतो, हे मला सांगितलं होतं आणि मी विसरले होते. तुम्ही असतात तर हा किस्सा मालवणपर्यंत पोचवला असतात. तन्वी आता रोज सकाळी व्हिडिओ कॉल करून मी गोळ्या गिळते का ते बघते. तोंड उघडून दाखव म्हणते. तिला सगळं सांगायचं, असं एकदा ठरवलं तर आता ते असं चाललंय.

त्या वादात तुमचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. सांगायला हवं होतं. पण त्या रविवारी सांगितलं असतं, तर ते जेवण तसं झालं नसतं. तन्वीने नकला केल्या नसत्या, तुम्हाला ठसका लागेपर्यंत हसू आलं नसतं, आणि तिच्याकडे तुमचं शेवटचं म्हणून रडक्या चेहऱ्याचं काहीतरी राहिलं असतं. तेव्हा उरलेला अर्धा मुद्दा मी सोडत नाही. तुम्ही उठून यावर जे काय म्हणाला असतात, ते ऐकायची माझी तयारी होती.

पंखा मी तीनवर ठेवते हल्ली.

काल सकाळी आरोग्य केंद्रातून एक मुलगी आली. घरात टीबीचा पेशंट असला की बाकीच्यांनाही तपासतात, त्यासाठी. ओढणी सारखी करून दारातच उभी राहिली, आत बोलावलं तर बसली. नाव, वय, गोळ्या कधी सुरू झाल्या, काही त्रास होतो का, सगळं नीट विचारत होती आणि लिहीत होती.

"घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हटलं. "मी आणि माझी नणंद."

"त्यांना खोकला, ताप, वजन कमी झालंय असं काही?"

"नाही. त्यांना काही नव्हतं."

"बोलावता का त्यांना जरा? दोन मिनिटांचं काम आहे."

मी उठले. खरंच उठले, वन्सं. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तन्वीने तिथली गादी उभी करून ठेवली आहे आणि खिडकी उघडी असते. मी परत येऊन बसले.

"त्या नाहीत आता," मी म्हटलं. "याच महिन्यात गेल्या."

मुलगी ओशाळली. सॉरी म्हणाली. मग खाली कागदाकडे बघत हळूच विचारलं, "म्हणजे घरात तुम्ही एकट्याच?"

"हो."

तुम्ही गेल्यापासून हे मी कोणाला पहिल्यांदाच सांगितलं. तिने दोनवर काट मारली, शेजारी एक लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला.